एमईटी: नावातल्या ‘टेक्नॉलॉजी’पाशीच खरी गोम आहे

अमेरिकेतल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत ‘मेकॅनिकल’च्या वाटेने जाणारे तीन रस्ते दिसतात. पहिला असोसिएट ऑफ सायन्स, म्हणजे एएस: पुढे विद्यापीठात इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची असेल त्यांच्यासाठी पहिली दोन वर्षं. दुसरा असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणजे एएएस, विषय मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी. याला सगळे एमईटी म्हणतात. तिसरा मशीनिंग किंवा सीएनसीचं (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचं) सर्टिफिकेट, काही महिन्यांपासून वर्षभराचं. तिन्ही एकाच इमारतीत चालतात आणि कधी कधी शिकवणारी माणसंही तीच असतात. त्यामुळे ‘आत शिरू, मग बघू कुठे वळायचं ते’ असं वाटणं साहजिक आहे. पण पहिल्या सत्रात कोणतं गणित घेतलं, यावरच पुढचा रस्ता बऱ्याच अंशी ठरून जातो.

ही फाटाफूट जुनी आहे. १९५५ साली अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशन या संस्थेचा एक अहवाल आला. समितीचे अध्यक्ष होते एल. ई. ग्रिंटर. इंजिनिअरिंगच्या पदवीत गणित आणि मूलभूत विज्ञान वाढवावं, असा त्याचा रोख होता. विद्यापीठं त्या दिशेने गेली आणि ड्रॉइंग, वर्कशॉप, मोजमाप, चाचण्या हे सगळं मागे पडत गेलं. कारखान्यांना तर तेच हवं होतं. ती जागा ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ने भरली. म्हणजे एमईटी ही इंजिनिअरिंगची सोपी आवृत्ती नव्हे. एखादा भाग का तुटतो याचं समीकरण सोडवण्यापेक्षा तो तुटू नये म्हणून कोणता पोलाद, किती जाडी आणि किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक) द्यायचा, यावर इथे भर असतो.

दोन वर्षांच्या एएएसला साधारण ६० ते ७० क्रेडिट लागतात. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला एक तास, आणि घरचा अभ्यास त्याच्या दुप्पट धरायचा. प्रयोगशाळेत एका क्रेडिटला दोन ते तीन तास उभं राहावं लागतं. त्यामुळे १५ क्रेडिटचं सत्र कागदावर हलकं दिसलं तरी दोन लॅब आल्या की आठवडा भरून जातो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी सत्राला ६ ते ९ क्रेडिट घ्यावेत आणि तीन-चार वर्षं लागतील हे आधीच मान्य करावं.

खर्चाचं गणित पत्त्यावर ठरतं. कॉलेजच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या रहिवाशांना सर्वात कमी फी, राज्यातल्या इतरांना बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त, आणि बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पटही. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती; चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,६१० डॉलर पडत होते. पुस्तकं, कॅल्क्युलेटर, सेफ्टी चष्मा आणि स्वतःचा सहा इंची कॅलिपर हे वेगळं.

ड्रॉइंग: डिप्लोमावाल्यांची पहिली ठेच

महाराष्ट्रात पॉलिटेक्निक करून आलेल्यांना ड्रॉइंगचा विषय ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच तिथे चूक होते. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल: वरचं चित्र वर, उजव्या बाजूचं उजवीकडे. कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह ड्रॉइंगच्या चौकटीत असतं, ते आधी बघायचं. न बघता जॉब (मशीनवर घडवायचा भाग) केला तर उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा होतो. मापं सगळी बरोबर, भाग भंगारात.

दुसरी ठेच इंचाची. आपल्या वर्कशॉपमधली जुनी माणसं अजूनही ‘थाऊ’ आणि ‘सूत’ बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्दसंग्रह अमेरिकेत एकदम कामाला येतो, निदान थाऊ तरी. आट्यांचं मात्र नव्याने शिकावं लागतं. पाव इंची, इंचाला २० आटे असलेल्या टॅपसाठी (भोकात आटे पाडायच्या हत्यारासाठी) ड्रिल घ्यायचा ७ नंबरचा, म्हणजे .२०१ इंच. हे ड्रिल नंबरांनी, अक्षरांनी आणि अपूर्णांकांनी अशा तीन तऱ्हांनी ओळखले जातात, आणि भिंतीवरचा तक्ता पाहिल्याशिवाय कुणीच अंदाज करत नाही. एम८ आणि ५/१६ इंची बोल्ट हाताला सारखेच लागतात. एकाच्या नटात दुसरा एक-दोन आटे जातोही, मग अडकतो. पाना लावून जोर केला की आटे गेलेच.

सॉफ्टवेअर बहुधा सॉलिडवर्क्स किंवा त्याच्या तोडीचं असतं. पहिल्या महिन्यातली नेहमीची चूक म्हणजे स्केचच्या रेषा निळ्या ठेवूनच पुढे जाणं. निळी रेषा म्हणजे तिचं माप किंवा जागा अजून ठरलेली नाही. काळी म्हणजे ठरली. निळ्या रेषांवर उभा केलेला भाग सुरुवातीला ठीक दिसतो. दोन आठवड्यांनी एक माप बदललं की बाकीचं सगळं वेडंवाकडं पळतं.

ड्रॉइंगमधला सर्वात अवघड आणि नोकरीत सर्वात उपयोगी भाग म्हणजे भौमितिक टॉलरन्स, सगळे ज्याला जीडी अँड टी म्हणतात. त्याचे नियम एएसएमई या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या वाय१४.५ या मानकात आहेत. चालू आवृत्ती २०१८ ची. त्याची गरज का पडली, हे एका भोकावरून कळतं. भोकाच्या केंद्राला आडवं आणि उभं दोन्हीकडे ± .००५ इंच दिलं, की केंद्रासाठी १० थाऊ बाजूचा चौकोन तयार होतो. केंद्र दोन्हीकडे ५-५ थाऊ सरकलं तर ते चौकोनाच्या कोपऱ्यात, मूळ जागेपासून ७ थाऊ लांब, तरी पास. दुसरं भोक फक्त आडवं ६ थाऊ सरकलं, उभं अजिबात नाही, तर नापास. जवळचं नाकारलं आणि लांबचं स्वीकारलं! बोल्टला कोपऱ्याचं कसलं कौतुक. त्याला फक्त अंतराशी देणंघेणं. म्हणून चौकोनाऐवजी १४ थाऊ व्यासाचं वर्तुळ देतात. कोपऱ्याइतकीच सूट सगळ्या दिशांना मिळते आणि परवानगीचं क्षेत्र ५७ टक्क्यांनी वाढतं.

ड्रॉइंगवर या टॉलरन्सपुढे छोट्या गोलात लिहिलेला ‘एम’ (जास्तीत जास्त धातू असतानाचं माप) जोडला की आणखी सूट मिळते. भोक .५०० ते .५१० इंच चालणार असेल आणि प्रत्यक्षात .५०६ झालं, तर किमान मापापेक्षा मोठं झालेले ६ थाऊ जागेच्या टॉलरन्समध्ये मिळवायचे: १४ आणि ६ मिळून २०. भोक सैल झालं, तर केंद्र थोडं हललं तरी बोल्ट जाणारच, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. परीक्षेत दोन चुका ठरलेल्या असतात. ‘एम’ नसतानाही विद्यार्थी ही बोनस सूट मिळवतात. आणि शाफ्टला भोकाचाच नियम लावतात. शाफ्टसाठी तो उलटा आहे: तिथे मोजणी सर्वात मोठ्या मापापासून सुरू होते, कारण जास्तीत जास्त धातू तिथे असतो.

तुकडा ओढून तोडायचा

स्टॅटिक्सनंतर (स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या विषयानंतर) स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स येतो आणि त्याच्या लॅबमधला ठरलेला प्रयोग म्हणजे टेन्साइल टेस्ट: धातूचा गोल तुकडा मशीनमध्ये तुटेपर्यंत ओढायचा. तुकड्याचा व्यास .५०५ इंच असतो. हा विचित्र आकडा कुठून आला? तेवढ्या व्यासाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस इंच येतं, म्हणून भाराला ५ ने गुणलं की थेट ताण मिळतो. कॅल्क्युलेटर नसतानाच्या काळातली ही युक्ती एएसटीएम या चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई८ मानकातून आजही बऱ्याच लॅबमध्ये जिवंत आहे.

१०१८ हा कोल्ड ड्रॉन (थंड असतानाच ओढून घडवलेला), कमी कार्बनचा पोलाद घेतला तर साधारण १०,८०० पौंडांवर तो कायमचा ताणला जायला लागतो, म्हणजे ५४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). याला यील्ड म्हणतात. तुकड्यावर आधी २ इंच अंतरावर दोन ठिपके मारलेले असतात. तुटल्यावर दोन्ही अर्धे जुळवून मोजलं आणि अंतर २.३० इंच भरलं, तर लांबी १५ टक्क्यांनी वाढली.

आता खरी अडचण. लवचिकतेचा मापांक, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, पोलादासाठी सुमारे २.९ कोटी पीएसआय यायला हवा. बऱ्याच गटांचा येतो त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी. कारण त्यांनी मशीनचं डोकं किती सरकलं तो आकडा वापरलेला असतो. ५४,००० पीएसआयपर्यंत २ इंचांचा हा तुकडा ताणला जातो जेमतेम ४ थाऊ. पण तेवढ्या वेळात पकडीतले दात धातूत रुततात, जबडे सरकतात, मशीनची चौकटही किंचित वाकते. ते सगळं तुकड्याच्या नावावर जमा होतं. उपाय म्हणजे तुकड्यावरच एक्स्टेन्सोमीटर (तुकडा किती ताणला ते मोजणारं उपकरण) चिमट्यासारखा लावायचा, आणि तुटण्याआधी आठवणीने काढायचा. तुटताना झटका बसतो आणि ते महागडं उपकरण कामातून जातं. लॅबमधले शिक्षक त्या क्षणी ओरडतात ते उगाच नाही. आलेखावरून यील्ड काढताना सुरुवातीच्या सरळ रेषेला ०.२ टक्के ताणावरून समांतर रेषा ओढतात; तिथे ०.२ टक्के म्हणजे ०.००२ हे विसरून ती ०.०२ वरून ओढणं, ही दुसरी चूक. उत्तर जास्त येतं आणि वरवर खरंही वाटतं, म्हणून ती पकडायला कठीण.

एककांचा गोंधळ इथूनच डायनॅमिक्समध्ये, म्हणजे हलणाऱ्या वस्तूंच्या विषयात, जातो. १० पौंड वजनाच्या वस्तूला ५ फूट प्रति सेकंद वर्ग त्वरण द्यायला किती बल? ५० नव्हे. पौंड हे इथे वजन आहे, वस्तुमान नव्हे, ३२.२ ने भागायचं आणि उत्तर १.५५ पौंड. किलो आणि न्यूटनची सवय असलेली माणसं इथे पहिल्या चाचणीत हमखास अडखळतात.

मशीनवर

वर्कशॉपचे नियम पहिल्याच दिवशी सह्या घेऊन सांगतात. फिरत्या लेथजवळ हातमोजे नाहीत, हातात अंगठी, कडं, बांगडी नाही, गळ्यात मंगळसूत्र किंवा साखळी नाही, ओढणी नाही, केस बांधलेले. हातमोजा वाचवेल असं वाटतं, पण तोच बोटासकट आत ओढला जातो. चकची (जॉब धरणाऱ्या फिरत्या पकडीची) किल्ली चकमध्ये विसरून मोटर सुरू केली, तर ती गोळीसारखी उडते. म्हणून हात किल्लीवरून सुटायच्या आत किल्ली चकमधून बाहेर, ही सवय लावतात.

वेगाचं सूत्र सोपं आहे: कटिंग स्पीड फूट प्रति मिनिटमध्ये घ्या, ३.८२ ने गुणा, टूलच्या इंचातल्या व्यासाने भागा. अर्धा इंची हायस्पीड स्टीलचा कटर, माइल्ड स्टील, १०० फूट: ७६४ आरपीएम. सीएनसीवर मात्र सूत्रापेक्षा सेटिंगमध्ये घोळ जास्त. एज फाइंडरचं (जॉबची कड शोधायच्या साधनाचं) टोक .२०० इंच व्यासाचं असेल, तर कड सापडल्यावर .१०० आत सरकून शून्य घ्यायचं. ते विसरलं की जॉबवरची झाडून सगळी भोकं एकसारखी .१०० ने सरकतात. आपसातली अंतरं बरोबर असल्यामुळे चूक शेवटच्या तपासणीपर्यंत कळत नाही. तीन नंबरच्या टूलला दोन नंबरचा लांबीचा ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलच्या लांबीचं माप) जोडला, तर टूल थेट व्हाइसमध्ये, म्हणजे जॉब धरलेल्या शिकंज्यात, घुसू शकतं. आणि काही कंट्रोलरवर एक्स१ असं दशांश चिन्हाशिवाय लिहिलं, तर मशीन त्याचा अर्थ एक इंच न घेता इंचाचा दहाहजारावा भाग घेतं. म्हणून पहिला जॉब एकेक ओळ चालवून, रॅपिड (रिकाम्या हालचालीचा वेग) कमी करून आणि बोट फीड होल्डवर (हालचाल थांबवायच्या बटणावर) ठेवूनच काढतात.

गणिताची साखळी आणि बदलीचा सापळा

प्रवेशाला परीक्षा नसते. बहुतेक कॉलेजं सगळ्यांना घेतात. पण गणितात कुठून सुरुवात करायची हे ठरवायला बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्युप्लेसर किंवा अलेक्ससारखी चाचणी किंवा जुने गुण बघतात. दहा वर्षं गणित हाती धरलेलं नसेल, तर उजळणी न करता ही चाचणी देऊ नये. खालच्या पातळीवर बसवलं, तर त्या वर्गांची फी भरावी लागते आणि क्रेडिट पदवीत धरत नाहीत. बीजगणित आणि त्रिकोणमिती झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय स्ट्रेंथ नाही, स्ट्रेंथशिवाय मशीन डिझाइन नाही. छोट्या कॉलेजात यातला एखादा विषय वर्षातून एकदाच असतो. एक कडी निसटली की पूर्ण वर्ष जातं.

सापळा असा: एमईटीतलं स्टॅटिक्स आणि फिजिक्स बहुधा बीजगणितावर आधारलेलं असतं, इंजिनिअरिंगच्या पदवीला कॅल्क्युलसवर आधारलेलं लागतं. नाव एकच, क्रेडिट तेवढेच, तरी विद्यापीठ ते मान्य करत नाही. कोर्सच्या क्रमांकाआधीची अक्षरं बघावीत: बऱ्याच कॉलेजांत एमईटी असेल तर टेक्नॉलॉजीचा, ईजीआर किंवा तत्सम असेल तर इंजिनिअरिंगचा. इंजिनिअरिंगच करायचं असेल, तर पहिल्यापासून एएस आणि कॅल्क्युलस धरा. एमईटी करून चार वर्षांची पदवी हवी असेल, तर एमईटीचीच बॅचलर पदवी देणारी विद्यापीठं शोधा. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या पॉलिटेक्निक शाखेत ती आहे. दोन्ही संस्थांमध्ये लेखी करार आहे का, आणि त्यात नेमके कोणते कोर्स धरले आहेत, हे कागदावर बघा. ‘ट्रान्सफर होतं’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. महाराष्ट्रात डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची जशी ठरलेली वाट आहे, तशी सगळीकडे चालणारी वाट इथे नाही.

अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था अबेट. तिच्या आत दोन वेगळे आयोग आहेत: इंजिनिअरिंगसाठी ईएसी, टेक्नॉलॉजीसाठी ईटॅक. दोन वर्षांच्या एमईटीलाही ईटॅकची मान्यता मिळू शकते, पण प्रत्येक कॉलेजकडे ती असतेच असं नाही. अबेटच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतं. पुढे प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना हवा असणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. परवाना राज्य देतं. ईटॅकची बॅचलर पदवी काही राज्यं जास्त वर्षांच्या अनुभवासह स्वीकारतात, काही स्वीकारत नाहीत. नुसत्या दोन वर्षांच्या पदवीवर तो विचार करू नये.

इकडून तिकडे जाणाऱ्यांसाठी

एच-४ व्हिसावरची (एच-१बी नोकरदारांच्या पती-पत्नी आणि मुलांच्या व्हिसावरची) मंडळी शिकू शकतात, पूर्णवेळ किंवा एकेक कोर्स. रहिवाशाची फी लागू होते का, हे राज्याच्या नियमांवर. एमएसबीटीईचा (महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) डिप्लोमा असेल, तर कोर्सनिहाय मूल्यांकन करून घ्यावं आणि सोबत प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम इंग्रजीत जोडावा. नुसत्या गुणपत्रिकेवरून ड्रॉइंग किंवा वर्कशॉपचे क्रेडिट मिळणं कठीण.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजात यायचं असेल, तर हिशेब थंड डोक्याने करावा. सत्राला किमान १२ क्रेडिट हवेत आणि त्या बारात ऑनलाइनचा एकच कोर्स धरतात. दोन वर्षांच्या पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी (शिक्षणानंतर त्याच क्षेत्रात काम करायची परवानगी) मिळू शकतं, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांची) २४ महिन्यांची वाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीही साधारणपणे बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. नुसत्या एएएससाठी परदेशी फी भरून येणं आम्हाला पटत नाही. पुढच्या विद्यापीठाशी करार पक्का असेल, तरच ते परवडतं. कॅनडातल्या ओंटारियोत याच नावाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा असतो आणि दोन वर्षांच्याला टेक्निशियन म्हणतात, त्यामुळे दोन देशांच्या माहितीपत्रकांची सरळ तुलना करू नये.

नोकऱ्यांची नावं तऱ्हेतऱ्हेची: सीएडी डिझायनर, क्वालिटी टेक्निशियन, टेस्ट टेक्निशियन, मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकड्यांत या गटाचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ६४ हजार डॉलर होता, मेकॅनिकल इंजिनिअरचा सुमारे ९९ हजार.

कॉलेज निवडण्याआधी लॅब प्रत्यक्ष बघायला मागा, तेही दुपारी, वर्ग चालू असताना. सीएनसीच्या ट्रेमध्ये चिप्स आहेत की सगळं पुसून चकाचक ठेवलंय? टेन्साइल मशीनजवळ एक्स्टेन्सोमीटर आहे का? मायक्रोमीटरवरच्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीवर तारीख कधीची आहे? एका मशीनमागे किती विद्यार्थी उभे आहेत आणि त्यातले किती नुसते बघतायत, हेही मोजा.